पिकाच्या आतील दोन वाटा : जलवाहिनी आणि रसवाहिनी



काही वर्षांपूर्वी नोव्हेंबर महिन्यात तुरीच्या एका शेतावर जाण्याचा प्रसंग आला. तूर फुलोऱ्यातून शेंगेवर येत होती. शेताच्या एका कोपऱ्यात मात्र झाडांनी माना टाकल्या होत्या. पाने पिवळी पडून वाळत होती, आणि शेजारचे झाड हिरवेगार तर हे सुकलेले, असे चित्र होते. शेतमालक वयाने ज्येष्ठ. ते म्हणाले, "सर, दोन पाणी दिली. दुकानदाराने सांगितलं म्हणून वरून टॉनिकही मारलं. तरी सुकतीच आहे. आता तिसरं पाणी देऊ का?"

सुकलेल्या झाडाशेजारी वीतभर माती उकरून पाहिली. मुठीत दाबली तर गोळा होत होता. म्हणजे ओल भरपूर होती. मग एक झाड उपटले आणि त्यांच्याच विळ्याने बुंध्याजवळ खोड उभे चिरले. सालीखाली, लाकडावर, काळपट तपकिरी रेषा मुळाकडून वरपर्यंत गेलेल्या दिसल्या. "काका, पाणी मातीत आहे, पण ते वर जायचा रस्ता बंद झाला आहे. आता कितीही पाणी दिलं तरी या झाडाला ते पोचणार नाही," असे मी म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, "पण मूळ तर पाण्यातच आहे. मुळानं पाणी घेतलं की ते झाडात आपोआप पसरत नाही का? ओल्या मातीतून कोरड्या मातीत ओल सरकते तशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तेव्हा बांधावर बसून जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. या लेखात तेच थोडे सविस्तर मांडत आहे. झाडाच्या आत वाहतुकीची व्यवस्था का लागते, ती कशी चालते आणि कोणता माल कोणत्या वाटेने जातो हे समजले, तर पाणी, खत आणि औषध यांवरील बराचसा वाया जाणारा खर्च टाळता येतो.

लहान जीवाला वाहिनीची गरज नसते

विहिरीच्या पाण्यावर हिरवट थर दिसतो. त्यातील अनेक शेवाळे एकाच पेशीची असतात. अशा पेशीच्या चहूबाजूंना पाणी असते. लागणारे क्षार, वायू आत येतात आणि नको असलेले बाहेर जातात. त्यासाठी तिला मूळ, खोड, शीर यांपैकी काहीही लागत नाही. पदार्थ जेथे जास्त आहे तेथून जेथे कमी आहे तिकडे आपोआप पसरतो. या क्रियेला विसरण म्हणतात. काकांनी विचारलेली 'आपोआप पसरणे' ही क्रिया ती हीच.

विसरण खरे आहे, परंतु ते फक्त अगदी जवळच्या अंतरावर उपयोगी पडते. घरी एक साधा प्रयोग करून पाहावा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ते स्थिर होऊ द्यावे. तळाशी गुळाचा खडा अलगद सोडावा आणि पेला अजिबात न हलवता ठेवावा. खडा विरघळेल, पण तपकिरी रंग बराच वेळ तळाशीच राहील. वरचा घोट घेतला तर तासाभरानंतरही फारसा गोड लागणार नाही. तेच चमच्याने ढवळले तर क्षणात सगळीकडे गोडी पसरते.

जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. अंतर १० पट वाढले तर लागणारा वेळ १०० पट वाढतो. साखरेसारख्या लहान रेणूला पाण्यात केवळ विसरणाने जायला साधारणपणे किती वेळ लागेल, हे पुढील अंदाजी आकड्यांवरून लक्षात येईल.

पेशीच्या रुंदीएवढे अंतर (मिलिमीटरचा विसावा भाग) : अडीच सेकंद
१ मिलिमीटर : सुमारे १७ मिनिटे
१ सेंटिमीटर : एक दिवसाहून थोडे जास्त
१ मीटर : सुमारे ३२ वर्षे

शेवाळाच्या पेशीला अडीच सेकंद परवडतात. तुरीचे झाड पुरुषभर उंच होते आणि पाच ते सहा महिन्यांत त्याचे आयुष्य संपते. त्याला मुळाजवळचे नत्र शेंड्यापर्यंत जाण्यासाठी ३२ वर्षे थांबता येणार नाही. म्हणून ज्या सजीवाचे शरीर अनेक पेशींचे बनले आणि आकाराने वाढले, त्याला पदार्थ वाहून नेणारी व्यवस्था उभारावी लागली.

आकार वाढला की पृष्ठभाग कमी पडतो

दुसरे कारण आकारमानाचे आहे. १ सेंटिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याचे आकारमान १ घन सेंटिमीटर आणि बाहेरचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे दर घन सेंटिमीटरला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. बाजू १० सेंटिमीटर केली तर आकारमान १,००० घन सेंटिमीटर होते, पृष्ठभाग मात्र ६०० चौरस सेंटिमीटरच. आता दर घन सेंटिमीटरच्या वाट्याला जेमतेम ०.६ चौरस सेंटिमीटर येतो. घर दहा माणसांचे हजार माणसांवर गेले आणि दरवाजे मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत, तर आतल्या माणसाला बाहेरचा माल मिळणे कठीण होते. तशीच ही स्थिती आहे.

यावर निसर्गाने दोन उपाय केले. एक, देवाणघेवाणीचा पृष्ठभाग वाढवला. पसरट पाने, पांढऱ्या मुळ्या आणि त्यांवरील सूक्ष्म केस ही त्याचीच रूपे होत. दोन, त्या पृष्ठभागापासून आतल्या प्रत्येक पेशीपर्यंत वाहिन्या टाकल्या. पावसाळ्यात भिंतीवर उगवणारे मखमली हरिता म्हणजे मॉस बोटभरही उंच होत नाही, कारण त्याला खऱ्या वाहिन्या नाहीत. पाणी उंच नेता येत नाही, म्हणून उंची नाही. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहिन्या असलेल्या वनस्पती आल्या आणि त्यानंतरच पुढे वृक्ष शक्य झाले.

प्राण्यांतही हाच नियम आहे. गाईच्या कासेत १ लिटर दूध तयार होण्यासाठी साधारणपणे ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून फिरावे लागते. कास दुधाचा कच्चा माल स्वतः आणू शकत नाही, रक्त तो आणून देते. गांडुळाला फुप्फुसे नाहीत, ते ओल्या त्वचेतून श्वास घेते, पण आत घेतलेला प्राणवायू शरीरभर पोचवायला त्यालाही रक्तवाहिन्या लागतात. झाडाला हृदय नाही, तरीही ते टनावारी पाणी वर चढवते. ते कसे, हे आता पाहू.

पहिली वाट : जलवाहिनी

झाडातील वाहतुकीच्या वाटा दोन आहेत. जलवाहिनी मुळाकडून पानांकडे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार नेते. रसवाहिनी पानांत तयार झालेली साखर मुळे, फळे, दाणे, कोवळे शेंडे यांच्याकडे नेते. या वाटा आपण रोज पाहत असतो. मुले वहीत ठेवतात ती पिंपळाच्या पानाची जाळी, अंग घासायला वापरतो ते वाळलेले घोसाळे, ऊस चघळल्यावर तोंडात राहणारा चोथा, या सर्वांत प्रामुख्याने वाहिन्यांचे धागे असतात. उसाचे कांडे आडवे कापले तर जे बारीक ठिपके दिसतात, तो प्रत्येक ठिपका म्हणजे दोन्ही प्रकारच्या वाहिन्यांचा एक जुडगा होय.

जलवाहिनी पाहायची असेल तर तेरड्याचे कोवळे रोप मुळे न तोडता उपटून धुवावे आणि लाल शाई मिसळलेल्या पाण्यात उभे करावे. तेरड्याचे खोड पारदर्शक असल्याने लाल रेषा वर चढताना बाहेरूनच दिसतात. संपूर्ण खोड लाल होत नाही, ठरावीक रेषाच होतात, हे नीट पाहावे. त्याच रेषा तुरीच्या चिरलेल्या खोडात काळ्या पडलेल्या होत्या.

जलवाहिनी मेलेल्या पेशींची बनलेली असते. पेशी आतून रिकामी होते, तिच्या भिंती कठीण होऊन उरतात आणि एकावर एक जोडून नळी तयार होते. या नळीत पाणी खालून ढकलले जाण्यापेक्षा मुख्यतः वरून ओढले जाते. सूर्याच्या उष्णतेने पानाच्या पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते, यास बाष्पोत्सर्जन म्हणतात. पानातून पाण्याचा एक कण गेला की त्याला चिकटलेला मागचा कण ओढला जातो. अशी अखंड साखळी पानापासून मुळापर्यंत असते. आयर्लंडमधील डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये हे स्पष्टीकरण दिले आणि ते आजही मान्य आहे. विहिरीतून पोहरा ओढताना दोर वरून ओढतो, तसेच हे आहे. दोर तुटला तर पोहरा वर येत नाही. जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरला तर पाण्याचा दोर तुटतो. म्हणूनच गुलाब, निशिगंध यांचे दांडे पाण्याखाली धरून पुन्हा थोडे कापले तर फुले जास्त दिवस टिकतात.

पीक मुळांनी जेवढे पाणी घेते त्यातील ९५ टक्क्यांहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. ही उधळपट्टी वाटेल. परंतु पर्णरंध्रे उघडी असल्याशिवाय कर्बवायू आत येत नाही आणि कर्बवायूशिवाय अन्न तयार होत नाही. शिवाय या प्रवाहातूनच क्षार वर जातात आणि पान थंड राहते.

रात्री बाष्पोत्सर्जन मंदावते. तेव्हा मुळे क्षार आत घेत राहतात, त्यामागे पाणी शिरते आणि खालून थोडा दाब तयार होतो. पहाटे भात, टोमॅटो यांच्या पानांच्या टोकाशी ओळीने थेंब दिसतात. ते सगळेच दवाचे नसतात, पुष्कळदा ते झाडाच्या आतून आलेले पाणी असते. द्राक्षवेलीच्या छाटणीनंतर कापातून पाणी गळते तेही याच दाबाने. मुळी जिवंत आणि काम करीत असल्याची ती खूण आहे.

दुसरी वाट : रसवाहिनी

रसवाहिनी सालीच्या आतल्या थरात असते आणि तिच्या पेशी जिवंत असतात. इटलीचे शास्त्रज्ञ मार्सेलो माल्पिघी यांनी सतराव्या शतकातच झाडाच्या सालीची कडी काढून पाहिली. कडीच्या वरची बाजू फुगली. पाने लगेच सुकली नाहीत, कारण लाकडातील जलवाहिनी शाबूत होती. वरून येणारे अन्न मात्र कडीपाशी अडले.

आपले द्राक्ष बागायतदार हेच तंत्र गर्डलिंग म्हणून वापरतात. मणी धरल्यानंतर खोडावरील सालीची काही मिलिमीटर रुंदीची कडी काढली जाते. पानांतील साखर मुळांकडे न जाता घडांकडे वळते आणि मण्यांचा आकार वाढतो. काही आठवड्यांत जखम भरून येते. परंतु तोपर्यंत मुळे उपाशी असतात हे विसरू नये. म्हणून अशक्त वेलीवर गर्डलिंग करू नये आणि काप लाकडात जाऊ देऊ नये. साल कापली तर मुळे काही काळ उपाशी राहतात, लाकूड कापले तर पानांचे पाणीच तुटते.

हीच गोष्ट नकळतही घडते. आंब्याच्या, चिकूच्या कलमाला आधारासाठी बांधलेली तार खोड जाड झाल्यावर सालीत रुतते. तारेच्या वर गाठ येते, खाली मुळे हळूहळू खंगतात आणि दोन-तीन वर्षांनी चांगले वाटणारे झाड बसते. उंदराने किंवा शेळीने बुंध्याची साल चारही बाजूंनी कुरतडली तरी तेच होते. बांधण्यासाठी सुतळी वापरावी आणि दर सहा महिन्यांनी बंध सैल करावेत.

रसवाहिनी कशी चालते याचे स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडले. पानात साखर रसवाहिनीत भरली जाते. साखर आली की तिच्यामागे जवळच्या जलवाहिनीतून पाणी शिरते व दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला फळ किंवा मूळ साखर काढून घेते, तेथे दाब कमी होतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे रस वाहू लागतो. हा दाब किती असतो ते मावा किडीवरून कळते. मावा आपली सोंड रसवाहिनीत खुपसतो. शास्त्रज्ञांनी अशी सोंड तशीच ठेवून कीड कापून बाजूला केली, तरी सोंडेतून रस कितीतरी तास बाहेर येत राहिला. मावा न पचलेली साखर बाहेर टाकतो, तोच पानावरील चिकटा, आणि त्यावर काळी बुरशी वाढते.

जो भाग साखर जास्त ओढतो आणि पानाच्या जवळ असतो त्याला जास्त माल मिळतो. सामान्यतः वरची पाने शेंडा व फळांना पोसतात, खालची पाने मुळांना पोसतात. वैरणीसाठी उसाची हिरवी पाने ओरबाडणे किंवा दाणे भरण्याआधी मक्याची पाने काढणे म्हणजे माल भरण्याचे ठिकाणच मोडणे होय. वाळलेले पाचट काढावे, हिरवे पान राखावे.

कोणता माल कोणत्या वाटेने ?

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

(१) नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये जलवाहिनीतून वर येतात आणि गरज पडल्यास जुन्या पानातून निघून रसवाहिनीद्वारे नवीन भागाकडे जातात. म्हणून त्यांची कमतरता प्रथम खालच्या, जुन्या पानांवर दिसते. झाड जुने पान मोडून नवे पान वाचवीत असते.

(२) लोह, कॅल्शियम आणि बहुतेक पिकांत बोरॉन एकदा पानात गेले की तेथून सहसा हलत नाहीत. म्हणून त्यांची कमतरता नवीन पाने, शेंडा, फळे यांवर दिसते. चुनखडीच्या जमिनीत उसावर पडणारा केवडा हे लोहाच्या कमतरतेचे उदाहरण आहे. पोंग्याजवळची कोवळी पाने पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या राहतात. फेरस सल्फेटची ०.५ टक्के (१० लिटर पाण्यात ५० ग्रॅम) फवारणी केली की फवारलेले पान हिरवे होते, परंतु नंतर येणारे पान पुन्हा पिवळे दिसू शकते. औषध बनावट होते असा त्याचा अर्थ लगेच काढू नये. लोह जुन्या पानातून नव्यात गेलेले नसते. म्हणून नवीन पाने आल्यावर फवारणी पुन्हा करावी आणि जमिनीत सेंद्रिय खत वाढवावे.

(३) टोमॅटोच्या फळाच्या खालच्या टोकाला काळा, खोलगट, कोरडा डाग पडतो. त्या जागी कॅल्शियम कमी पडलेले असते. आपल्या काळ्या जमिनीत कॅल्शियम सहसा भरपूर असते, मग फळात कमी का? कॅल्शियम फक्त जलवाहिनीच्या प्रवाहाबरोबर जाते. पानातून पाणी वेगाने उडते म्हणून ते पानात जाते. फळाच्या गुळगुळीत सालीतून पाणी फारसे उडत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला कमी येते. पाण्याचा ताण पडला की तेही बंद होते. अशा वेळी जुन्या पानांवर कॅल्शियम फवारून ते फळात जात नाही. खरा उपाय म्हणजे पाणी थोडे-थोडे पण नियमित देणे, आच्छादन करणे आणि नत्राचा अतिरेक टाळणे. फवारणी करायचीच असेल तर ती कोवळ्या फळांवर थेट पडली पाहिजे.

(४) बहुतेक आंतरप्रवाही कीटकनाशके जलवाहिनीतून खालून वर जातात. म्हणून बीजप्रक्रिया केलेल्या रोपाच्या पानांना सुरुवातीच्या काळात रसशोषक किडींपासून संरक्षण मिळते. मात्र शेंड्यावर फवारलेले असे औषध सहसा खालच्या पानांत किंवा मुळांत उतरत नाही. 'आंतरप्रवाही आहे, कसेही मारले तरी चालेल' हा समज चुकीचा आहे. फवारा पानाच्या खालच्या बाजूपर्यंत पोचला पाहिजे.

(५) हराळी आणि लव्हाळा यांची ताकद जमिनीखालच्या खोडांत व गाठींत असते. त्यांना तेथे साखर पोचते ती पानांतून, रसवाहिनीने. पुन्हा पुन्हा वरचे पान काढले तर साठा हळूहळू संपतो. एकदाच खुरपून सोडले तर साठ्यातून तण परत उभे राहते, हा अनुभव सर्वांचा आहे.

वाट बंद पडते तेव्हा

तुरीच्या मर रोगाची बुरशी फ्युजेरियम उडम ही जमिनीत राहते, बारीक मुळांतून आत शिरते आणि जलवाहिनीत वाढते. बुरशीचे धागे आणि झाडाने बचावासाठी तयार केलेले डिंकासारखे पदार्थ यांनी नळ्या तुंबतात. काकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. बुरशी संपूर्ण झाड खात नाही. ती काही नळ्या बंद करते, आणि विसरणाने पाणी वर पोचण्याइतके आयुष्य झाडाजवळ नसते. फुलोरा व शेंगांच्या वेळी पाण्याची मागणी वाढते, म्हणून रोग आधी शिरलेला असला तरी झाड तेव्हा सुकताना दिसते. हरभऱ्याची मर आणि डाळिंबाची मर यांतही असाच प्रकार होतो. डाळिंबाचे मर लागलेले खोड आडवे कापले तर आतील लाकूड तपकिरी-काळपट झालेले दिसते.

सुकलेले पीक दिसताच पाण्याचा पंप सुरू करण्याआधी पुढील तीन गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली : सकाळी लवकर पाहावे. दुपारी माना टाकलेले झाड पहाटे टवटवीत असेल तर तो दुपारच्या उन्हाचा तात्पुरता परिणाम होय. पहाटेही सुकलेले असेल तर पुढे जावे.

दुसरी : मुळाजवळची माती वीतभर उकरून मुठीत दाबावी. कोरडी असेल तर पाणी द्यावे. ओली असेल तर पाणी देऊ नये. माती चिखलासारखी असेल तर मुळे गुदमरली आहेत असे समजावे. मुळांना श्वासासाठी हवा लागते, ती न मिळाल्यास भोवती पाणी असूनही ती पाणी आत घेऊ शकत नाहीत. कपाशीत मोठ्या खंडानंतर एकदम जोराचा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिले की झाडे अचानक सुकतात, त्याला आकस्मिक मर म्हणतात. अशा वेळी चर काढून पाण्याचा निचरा तातडीने करावा व वाफसा येताच कोळपणी करावी.

तिसरी : माती वाफशावर असूनही झाड सुकले असेल तर एक झाड उपटून खोड उभे चिरावे. आत काळ्या-तपकिरी रेषा असतील तर बुरशीजन्य मर समजावी. वांगी, टोमॅटो, मिरची या पिकांत बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात त्याचे खालचे टोक बुडवून काही मिनिटे स्थिर धरावे. कापातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली तर ती जिवाणूजन्य मर होय. कोकण आणि गोव्यातील वांगी-टोमॅटो उत्पादकांनी ही तपासणी अवश्य करावी. रोगट जागेवरून पाणी वाहत चांगल्या वाफ्यात गेले तर त्याबरोबर हे जिवाणूही जातात, म्हणून जास्त पाणी देणे येथे दुप्पट नुकसानीचे ठरते.

त्या तुरीचे पुढे काय झाले ?

सुकलेली झाडे वाचणार नाहीत हे काकांना स्पष्ट सांगावे लागले. नळी एकदा तुंबली की ती मोकळी करणारे टॉनिक नाही. तिसरे पाणी त्यांनी दिले नाही. मर लागलेली झाडे मुळांसह काढून जाळली. पुढच्या हंगामात त्याच शेतात पुन्हा तूर घेण्याचा त्यांचा विचार होता, तो मात्र बदलला. ही बुरशी पिकाच्या अवशेषांवर जमिनीत तीन वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणून त्यांनी तेथे ज्वारीचा फेरपालट केला, कारण ज्वारीने या रोगाचे प्रमाण कमी होते. नंतर तूर घेताना जुने घरचे बियाणे न वापरता बीएसएमआर ७३६ हा मर रोगास प्रतिकारक वाण घेतला आणि ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया केली. बीडीएन ७११ व आयसीपीएल ८७११९ (आशा) हे वाणही अशा शेतासाठी विचारात घ्यावेत. त्या कोपऱ्यात नंतर तुरळक झाडे सुकली, पूर्वीसारखा पट्टा पडला नाही.

मागच्या भेटीत काकांनी शेजारच्या एका तरुणाच्या हरभऱ्यातले रोप स्वतः चिरून त्याला दाखवले आणि म्हणाले, "आधी आत बघ, मग मोटार चालू कर."

ध्यानात ठेवण्याच्या बाबी

१. सुकणे म्हणजे नेहमी पाण्याची कमतरता नव्हे. सकाळची पाहणी, मातीची मूठ आणि चिरलेले खोड, या क्रमाने निदान करावे.

२. कमतरता जुन्या पानावर की नव्या पानावर, हे पाहूनच खत निवडावे.

३. कॅल्शियम व लोह फवारताना ज्या भागाला हवे आहे त्याच भागावर फवारा पडावा.

४. खोडाला तार बांधू नये, बुंध्याची साल जपावी.

५. हिरवे पान हे फळाचे आणि मुळाचे अन्न भरण्याचे ठिकाण आहे, ते विनाकारण काढू नये.

६. मर लागलेल्या शेतात तेच पीक लगेच घेऊ नये. फेरपालट, प्रतिकारक वाण आणि बीजप्रक्रिया हेच खात्रीचे उपाय होत.

निदानाबाबत शंका असल्यास मुळासह उपटलेले ताजे झाड कागदात गुंडाळून जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा कृषि महाविद्यालयात घेऊन जावे. नुसते वाळलेले पान नेल्यास रोगाचे निदान करणे कठीण जाते.